दोन रव्यांची अंगठी

६ ऑगस्ट
नवं काम आलं. चांदीची अंगठी, एकच खडा. खडा त्यांच्या आईच्या जुन्या पेंडंटमधला: मूनस्टोन, लंबगोल, वरून घुमटासारखा घोटलेला, १० बाय ८ मिमी, उंची ५. कडेला बारीक टवका आहे, तो कोंदणात झाकला जाईल.

बाई मातीची भांडी घडवतात. चाकावर बसून बसून बोटांचे सांधे सुजलेत. म्हणाल्या, "अहो, आत्तापर्यंत घेतलेली प्रत्येक अंगठी एक तर सांध्यापाशी अडते, नाहीतर गेली की खडा फिरून तळहाताकडे येतो." मातीत हात घालण्याआधी काढणार, हात धुतल्यावर घालणार. म्हणजे रोज निदान दोनदा ती सांध्यावरून जाणार-येणार.

उठता उठता आणखी एक मागणी: "ठोक्यांच्या खुणा तेवढ्या ठेवा हं, हाताने केल्यासारखी दिसू दे." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

९ ऑगस्ट
मापं घेतली. एकदाच घेऊन भागत नाही, बोट दिवसभरात बदलतं. सकाळी, दुपारी काम संपल्यावर आणि संध्याकाळी, अशी तीन वेळा घेतली. मापाच्या कड्याही ४ मिमी रुंदीच्या वापरल्या, कारण अरुंद कडीचं माप रुंद अंगठीला लागू पडत नाही, ती घट्ट होते.

सांधा: आतला व्यास १८.६. बोटाचं मूळ: १७.२. फरक १.४ मिमीचा. सांध्याच्या मापाने केली तर मुळाशी खुळखुळणार, मुळाच्या मापाने केली तर बोटात शिरणारच नाही.

१२ ऑगस्ट
वहीची चार पानं भरली. डोक्यात एकच कल्पना: बिजागरीची अंगठी. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला बारीकशी खिट्टी. उघडायची, बोटाभोवती लावायची, मिटायची. मग सांध्याचा प्रश्नच उरत नाही, मुळाच्या मापाची करता येते. बरेच दिवसांनी एवढं अवघड काही करायला मिळणार म्हणून खूश आहे.

१७ ऑगस्ट
पितळेत नमुना केला. २ मिमी जाडीच्या नळीचे पाच तुकडे, मधून पिन. नळी करवतीने कापली की टोक काटकोनात येत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा जिगमध्ये (सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यात) धरून कानशीने सपाट केला. करवतीची २/० नंबरची सात बारीक पाती मोडली. सहा तास गेले. उघडमिट इतकी गुळगुळीत झाली की उगाच वीसेकदा करून पाहिली.

२१ ऑगस्ट
बाईंना उघडताच आली नाही. अंगठीच्या हाताने धरता येत नाही, आणि दुसऱ्या हाताच्या सुजलेल्या बोटांना खिट्टी सापडत नाही. नख लावायला जागा केली होती, पण त्यांची नखं मुळापर्यंत कापलेली असतात, मातीकामात ती वाढवून चालत नाही. हे मला पहिल्याच दिवशी त्यांच्या हातांकडे बघून कळायला हवं होतं. मी हात पाहिले खरे, मापंही घेतली, पण डोळ्यासमोर माझी बिजागरीच होती.

त्या मात्र म्हणाल्या, "छान झालीय हो, घड्याळासारखी." आणखीच वाईट वाटलं. नमुना खणात ठेवला.

२२ ऑगस्ट
बिजागरी रद्द. साधा आणि जुना उपाय: पट्टीच्या आत, तळाशी दोन्ही बाजूंना दोन रवे, म्हणजे धातूचे बारीक गोळे. घड्याळाच्या तबकडीवर चार आणि आठ जिथे असतात तिथे. सांधा रुंदीला जास्त, पण बोटाची खालची बाजू मऊ असते. त्यामुळे रवे मांस दाबत जातात, आणि मुळाशी आली की तेच रवे अंगठीला फिरू देत नाहीत. फरक फार मोठा असता तर हे चाललं नसतं. १.४ ला चालावं.

यात अंगठीचा गोल पूर्ण राहतो, हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. दिसतही काही नाही, हे जरा टोचलं.

२३ ऑगस्ट
पितळेची दुसरी अंगठी, रव्यांसकट, १८.६ व्यासाची. वर खड्याच्या जागी त्याच वजनाचा पितळेचा तुकडा, म्हणजे तोल खरा कळेल. आठवडाभर घालायला दिली. सकाळ-संध्याकाळ कशी जाते ते कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. पितळेतल्या तांब्याने बोट हिरवट होईल, तेही आधीच सांगितलं.

नमुना देऊन आठवडाभर थांबणं हा माझ्या पद्धतीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. मी तो कधीच गाळत नाही.

३० ऑगस्ट
कागदावर सात ओळी. सकाळी ठीक. चार संध्याकाळी साबण लावून काढावी लागली. एकदा तशीच घालून झोपल्या. खडा (म्हणजे तुकडा) एकदाही फिरला नाही.

म्हणजे रवे बरोबर, व्यास थोडा कमी. १८.९ करायचा. शिवाय पट्टीच्या आतल्या कडा मी नुसत्या मोडल्या होत्या. त्या नीट गोलवायच्या, बोटाला आतून बदामासारखा उतार लागला पाहिजे. बऱ्याचदा अर्धी अडचण कडेतच असते.

२ सप्टेंबर
चांदी ओतली. एकूण १२ ग्रॅम: ११.१ शुद्ध चांदी, ०.९ तांबं, म्हणजे ९२५ (हजारात ९२५ भाग चांदी). शुद्ध चांदी अंगठीच्या पट्टीला फार मऊ, वाकते. तांब्याने कडकपणा येतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि चांदी ९६२ ला, पण दोन्ही एकत्र आली की त्याच्या खालीच, ८९० च्या आसपास, सगळं पाणी होतं. म्हणून आधी चांदी वितळवायची, मग तांबं त्यात सोडायचं, ते आपोआप विरघळतं.

झाळ (सांधे जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) लागलेले जुने तुकडे वेगळ्या डबीत असतात, ते मुशीत टाकत नाही. झाळीत जस्त असतं. लगड ठिसूळ होऊ शकते, आणि मग ९२५ म्हणायलाही तोंड राहत नाही.

३ सप्टेंबर
लगडीला रोलरमध्ये दुसऱ्याच फेरीत कडेने चिरा. आधी वाटलं ताव (तापवून मऊ करणं) कमी पडला. पुन्हा तावून घेतली, पुन्हा चिरा. करवतीने आडवी कापून भिंगाखाली धरली, तर आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं.

दोष माझ्या ज्योतीचा. वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या जवळजवळ वीसपट ऑक्सिजन शोषते आणि गोठताना तो बाहेर टाकते. जायला वाट मिळाली नाही तर तिथेच पोकळी. घाईत टॉर्चला हवा जास्त सोडली होती, आणि वितळल्यावरही उगाच तापवत बसले होते.

४ सप्टेंबर
पुन्हा वितळवली. मऊ, पिवळसर टोकाची ज्योत, मुशीत टाकणखार सढळ हाताने, आणि ओतेपर्यंत ज्योत चांदीवरून हलवली नाही. साचा आधी गरम करून तेलाचा हात दिला. लगड पडली तेव्हा वरच्या अंगाला मधोमध हलकी खोलगट बसली, उसळली नाही. कापून पाहिली. आत सलग.

६ सप्टेंबर
५ मिमीवरून १.८ वर. जाडी अर्धी झाली की थांबून ताव द्यायचा. खोलीतला दिवा मालवून मगच, कारण हवा असलेला मंद लाल रंग उजेडात दिसत नाही, आणि उजेडात दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. लाली गेली की पाण्यात. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, चांदी मऊच राहते. शिकाऊ असताना यावर माझा विश्वास बसायला महिना लागला होता.

पट्टी ४ मिमी रुंद. लांबीचा हिशेब आतल्या व्यासावर करायचा नाही, जाडी धरायची: १८.९ अधिक १.८ म्हणजे २०.७, गुणिले ३.१४१६, म्हणजे ६५ मिमी. जाडी विसरलं की अंगठी जवळजवळ ६ मिमी तोकडी.

उरलेल्यातून ०.८ चा पत्रा, कोंदणाच्या तळाला.

९ सप्टेंबर
कोंदण. शुद्ध चांदीची ०.४ जाडीची पट्टी, कारण ती खड्यावर दाबताना मऊ हवी, आणि पुढे कधी उघडावी लागली तर फाटू नये. खड्याचा घेर २८.४, त्यात पट्टीच्या जाडीचा १.३, म्हणजे २९.७. पहिली पट्टी सैल झाली, टाकली. दुसरीची टोकं उजेडासमोर धरली तर फट दिसेना. झाळ फट भरत नाही, ती फक्त भिडलेल्या कडांमधून ओढली जाते. अजूनही घाई असली की मी फट 'भरून येईल' असं स्वतःला सांगते, आणि ती कधीही भरून येत नाही.

पट्टीच्या टोकांचा सांधा कडक झाळीने, मग तळाचा पत्रा मध्यम झाळीने. क्रम चुकवायचा नाही: आधी जास्त तापमानाची, मग कमी, मग सगळ्यात कमी. नाहीतर दुसरा सांधा करताना पहिला सुटतो.

११ सप्टेंबर
खडा बसतो का पाहायला कोंदणात टेकवला आणि तो 'टक्' करून आत गेला. ओढून काढायला दोरा खाली न घालता. आता निघत नाही.

शिकवताना सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, आधी दोरा.

१२ सप्टेंबर
उलटा करून लाकडावर आपटला, नाही. मेणाने ओढून पाहिला, नाही. जोर करायची सोय नाही. मूनस्टोन हा फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा प्रकार, त्याला जवळजवळ काटकोनात दोन दिशांनी दुभंगायची सवय असते. आईचा खडा आहे.

शेवटी मागून ड्रिल. मधोमध नाही, कारण मध्याखाली पुढे अंगठीची पट्टी येणार. लांबट टोकाकडे, पट्टीच्या बाहेर पडेल अशा जागी. ०.८ चा पत्रा, म्हणून ड्रिलच्या पात्याला ०.७ वर टेप गुंडाळला. हाताने फिरवत नेलं, शेवटचा पापुद्रा सुईने फोडला. मग बांबूच्या काडीने हलकेच रेटा. सुटला. टवका होता तेवढाच आहे, नवा नाही.

चहा घेऊन मगच पुढचं. नंतर दुसऱ्या टोकाला तसंच दुसरं भोक पाडलं, दोन्ही १.५ चे. हे आधीच सुचायला हवं होतं. त्यांचे सांधे पुढेमागे आणखी सुजतील, अंगठी वाढवावी लागेल, आणि आग लावण्याआधी खडा काढावा लागेल. तेव्हा जो कोणी हे काम करेल त्याला दोन्ही टोकांना सारखा रेटा देता येईल. शिवाय आत गेलेलं पाणी निघून जाईल.

१५ सप्टेंबर
वाकवण्याआधी पट्टीवर आतून दोन ठसे: ९२५ आणि माझा. आधीच, कारण खडा बसल्यावर हातोडी मारायची नसते. इंग्लंडमध्ये चांदीची ही शुद्धता १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने बंधनकारक झाली, आणि कारागिराने स्वतःचा ठसा मारायचा नियम १३६३ चा. तो ठसा मिरवायला नव्हता. माल हिणकस निघाला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून होता. माझा ठसा वाकडा पडलाय, पण वाचता येतो.

पट्टी वाकवली, टोकं भिडवली, कडक झाळ. सांधा वर घेतला, कोंदणाच्या तळाखाली लपेल. सळईवर लाकडी हातोडीने गोल केली.

१६ सप्टेंबर
बांधायची लोखंडी तार न सोडताच अंगठी सायट्रिक आम्लाच्या पाण्यात. सगळी गुलाबी. लोखंडामुळे आम्लातलं तांबं चांदीवर चढतं. पातळ थर, घासून निघाला. तासभर वाया.

१९ सप्टेंबर
रवे. १ मिमी तारेचे ५.३ मिमीचे दोन तुकडे, कोळशाच्या विटेत पाडलेल्या छोट्या खळग्यांत ठेवून ज्योत दिली. तुकडा आधी टोकांनी आखडतो, मग एकदम चमकून गोळा होतो आणि गरगर फिरतो. २ मिमीचा रवा. हे मी शेकड्यांनी पाहिलंय, तरी दर वेळी मान पुढे जाते.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकात इट्रस्कन (प्राचीन इटलीतले) सोनार पाव मिलिमीटरहूनही बारीक रवे सोन्यावर बसवत, तेही झाळीचा डाग न दिसता. नंतर ती रीत हरवली. १९३० च्या दशकात लिटलडेल नावाच्या इंग्रजाने ती पुन्हा जुळवून दाखवली: तांब्याचा क्षार सरसात कालवून रवा चिकटवायचा. तापवलं की सरसाचा कोळसा होतो, तो तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि उरलेलं कणभर तांबं रवा आणि पत्रा यांच्यामध्येच वितळून मिसळतं. वेगळी झाळ लागतच नाही.

माझे रवे त्यांच्यापुढे भोपळे. प्रत्येक कानशीने अर्ध्यावर सपाट केला, १ मिमी उंच राहील असा, आणि कमी तापमानाच्या झाळीने बसवला. त्याआधी कोंदण पट्टीवर मध्यम झाळीने बसलं होतंच. तेच तापवताना तळाचा जुना सांधा सुटू नये म्हणून त्यावर गेरूची पेस्ट लावली होती. सुटला नाही.

२२ सप्टेंबर
कानस, मग घासायचा कागद, आधी जाडा, मग बारीक: ४००, ६००, ८००. अंगठीच्या खांद्यावर, कोंदणाच्या बाजूला, जांभळट करडा डाग. ताव देताना चांदीच्या आतल्या तांब्याला हवा लागते आणि पृष्ठभागाच्या खाली ऑक्साइडचा पडदा धरतो. वरून पुसून जात नाही. खरवडत राहायचं, तोही पुढे पुढे सरकल्यासारखा वाटतो. चार तास.

१९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मिडलसेक्स विद्यापीठात पीटर जॉन्स यांनी चांदीत थोडं जर्मेनियम घालून हा डाग न धरणारा मिश्रधातू काढला. मी वापरून पाहिलाय. डाग खरंच धरत नाही, पण लाल असताना हलवला तर मोडतो, आणि माझे हात जुन्या मिश्रणाला सरावलेत. चार तास खरवडताना हे कारण जरा लंगडं वाटलं.

२६ सप्टेंबर
बाई अर्धवट अंगठी बघायला आल्या. घालून, काढून, पुन्हा घालून पाहिली. मग, "ठोक्यांच्या खुणा राहिल्या का?"

सांगितलं ते असं. चांदीकामात हातोडीचे ठोके घासून-घोटून नाहीसे करणं हीच शतकानुशतकं कसबाची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये यंत्राच्या मालाला कंटाळलेल्या मंडळींनी ते मुद्दाम ठेवायला सुरुवात केली. ॲशबी यांनी १८८८ मध्ये लंडनला काढलेलं कारागिरांचं मंडळ त्यातलंच. काही वर्षांत कारखाने यंत्रावर केलेल्या मालालाच ठोक्यांच्या खुणा पाडायला लागले. त्यामुळे खुणेवरून आता काहीच कळत नाही. त्यातून या अंगठीवर ठोक्यांचे खड्डे ठेवले तर त्यांत ओली माती बसेल, अंगठी काढायची राहिली त्या दिवशी.

त्या थोडं थांबल्या. "मी भांड्यावर बोटांच्या रेघा ठेवते, ते काय मग?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. रेघा चाक फिरताना आपोआप उमटतात, त्या पुसायला वेगळं काम करावं लागतं. माझे ठोके लाकडी हातोडीचे होते, ते उमटलेच नव्हते. नसलेल्या खुणा वरून मारायच्या का, एवढाच प्रश्न आहे, असं मी म्हटलं. त्यांना अर्धंच पटलं. पण आतल्या रव्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "राहू दे."

चकाकी नको, हे मात्र दोघींचं एकमत. १२०० च्या कागदाने एकाच दिशेने घासून मंद ठेवली. रोजच्या वापराचे ओरखडे त्यात मिसळून जातील.

२९ सप्टेंबर
खडा बसवला. आधी कोंदणाचा तळ पोटॅशियम सल्फाइडच्या पाण्याने काळा केला. मूनस्टोनची निळसर झाक ही आतल्या दोन फेल्डस्पारांच्या अतिपातळ थरांवर विखुरलेला उजेड असते. मागून पांढरी चांदी चमकली की ती फिकी पडते. काळ्यावर ठेवला आणि निळा पट्टा एकदम वर आला. पेंडंटमध्ये तो कधी असा दिसला नव्हता, असं त्या नंतर म्हणाल्या.

झाक बोटाच्या लांबीला समांतर सरकेल असा वळवला. दोरा काढला (या वेळी होता). दाबणीने उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मग मधल्या जागा. एकाच बाजूने दाबत गेलं की शेवटी पट्टीला सुरकुती पडते. शेवटी ओपणीने कड घोटली. टवका झाकला गेला.

वजन खड्यासकट ५.७ ग्रॅम. तास: ३१, बिजागरीचे सहा वगळून. ते सहा वहीत वेगळ्या पानावर आहेत.

४ ऑक्टोबर
दिली. सूचना तोंडीच: धूळ-मातीतले क्वार्ट्झचे कण या खड्यापेक्षा कठीण असतात, म्हणून कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी पाण्याखाली धरा. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये कोणालाही टाकू देऊ नका. काळी पडली तर पडू दे.

१९ ऑक्टोबर
बाई आल्या. संध्याकाळीही साबणाशिवाय निघते. खडा जागेवर. फक्त अंगठ्याच्या बाजूचा रवा चाकावरून उठल्यावर थोडा टोचतो. त्या बाजूला बोट जरा जास्त सुजतं. मूठ मिटवून बघितली, खरंच तिथे लाल ठसा होता. खडा न काढता बारीक कानशीने रवा ०.२ ने उतरवला, ओपणीने घोटला. पाच मिनिटांचं काम. घालून मूठ चारपाच वेळा मिटली-उघडली, म्हणाल्या, "आता विसरले की घातलीय."

डावा रवा १.०, उजवा ०.८. मापाच्या पानावर दुरुस्ती केली.